क्रोमवाल्याला गंज लागत नाही

३ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. दुसरा संकल्प: शुगर मुळापासून काढायची. डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या वाढवल्या. माणसाने गिळायच्या तरी किती? काल मेडिकलमध्ये रांगेत उभा असताना एका डबीवर वाचलं, क्रोमियम. शरीराला कणभरच लागतं, पण साखर जिथल्या तिथे पोचवायला मदत करतं म्हणे. मला हसू आलं. अर्धं आयुष्य क्रोमच्या टाकीवर उभा आहे. नळ, हँडल, सायकलचे रिम, सगळ्यांना चकाकी मीच चढवतो. देवाने औषध नाकासमोर ठेवलं आणि मी दुकानं हिंडतोय. तरी डबी घेतली. पोटातूनही जाऊ दे.

५ जानेवारी
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, टाकीतलं क्रोमियम विष आहे, धुरापासून लांब राहा, मास्क लावा. खाण्यातलं वेगळं, ते साध्या जेवणातून मिळतं. डबीतल्याने शुगर उतरते असं अजून पक्कं ठरलेलं नाही, आणि काहीही झालं तरी माझ्या गोळ्या सोडू नका.
सज्जन माणूस. पण वय लहान, टाकीजवळ कधी उभा राहिलेला नाही.
गोळ्या सोडल्या.

१२ जानेवारी
ही रोज विचारते, गोळी घेतली का. मी घेतली म्हणतो. खोटं मला बोलता येत नाही. कोणती, हे ती विचारत नाही.
डॉक्टरांच्या गोळ्या टाकवत नाहीत, अन्न-औषध टाकू नये. देवाच्या तसबिरीमागे ठेवतो. त्याची नजर राहील.
मास्कने गुदमरतं. मास्क खुंटीला.

३० जानेवारी
तहान फार लागते. बहुधा आतली साखर धुऊन निघत असावी. चांगलं लक्षण.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज खात्रीच पटली. घरी येऊन गमबूट काढला तर आतून तांब्याच्या तारेचा आकडा पडला, जॉब, म्हणजे क्रोम चढवायचा नग, टाकीत टांगायचा. सकाळपासून तळव्यात रुतलेला होता. मोजा रक्ताने भिजला होता आणि मला पत्ता नाही. कुठे दुखलं नाही. दुसरा कोणी असता तर बोंबलत बसला असता. कातडीवर आतून क्रोम चढलंय, दुसरं काय.
हिने जखम धुतली. म्हणाली, अहो, न दुखणं बरं नव्हे, उद्याच्या उद्या दाखवून या. बायका घाबरतात.
उद्या ऑर्डर मोठी आहे. सोमवारी जाईन.

१६ फेब्रुवारी
सोमवार होऊन गेला. अंगठा जरा काळपट. मोजा बदलला.

२१ फेब्रुवारी
कारखान्यातल्या पॉलिशवाल्याला वास आला. म्हणाला, दादा, बूट काढ. काढला. त्याने वाकून बघितलं. आमच्याकडे लोखंड आधी तेजाबात धुतात. खाली गंज राहिला तर वरचं क्रोम पापुद्र्यासारखं सुटतं. तो म्हणाला, दादा, हा जॉब रिजेक्ट आहे, आजच परत पाठव.
त्याला थट्टेची सवय आहे. पण हसला नाही. जाऊन मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, जखम भरेपर्यंत टाकीवर पाय ठेवायचा नाही, आणि तोवर जागा रिकामी राहणार नाही. म्हणजे आता औषधाच्या धुरातूनही हकालपट्टी. पाय बरा होणार कसा?
डबीतल्या गोळ्या एकाऐवजी दोन सुरू केल्या.

२३ फेब्रुवारी
ही तसबीर पुसायला गेली आणि मागच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या खाली आल्या. मी वर्तमानपत्र वाचत होतो. एकेक पट्टी उचलून बघितली. मग म्हणाली, देवाला शुगर झालीय का?
मी पान उलटलं, अक्षरं हलत होती. अंगात ताप होता म्हणून असेल.
पट्ट्या गोळा करून तिने पिशवीत भरल्या. म्हणाली, चला, रिक्षा बोलावलीय.

२ मार्च, दवाखाना
आधी अंगठा काढला. परवा घोट्यापर्यंतचा पाय. डॉक्टर तेच, वय तेवढंच. मला वाटलं रागावतील. नुसतं म्हणाले, दुखत नव्हतं ना, तिथेच घात झाला. शुगरने नसा मेलेल्या होत्या.
मी म्हटलं, क्रोमियम. ते म्हणाले, आता राहू द्या.
या खाटेच्या दांडीवरचं क्रोम सुटलंय. खालून गंज दिसतो. नीट न धुता चढवलेलं काम.

६ मार्च
पॉलिशवाला भेटायला आला. टाकीवर नवा माणूस उभा केलाय म्हणाला. माझे गमबूट त्यालाच दिले, माप जुळलं. आतून नीट धुतलेत ना, एवढं विचारलं.
डॉक्टरांच्या गोळ्या ही स्वतःच्या हाताने देते, गिळेपर्यंत समोर उभी राहते.

९ मार्च, पहाट
अंगठा दुखतोय. आग होतेय नुसती. इतका कधीच दुखला नव्हता. नामस्मरण करून पाहिलं, थांबेना. हिला उठवलं.
ही म्हणाली, कुठे दुखतंय, दाखवा.
बोट केलं. तिथे चादर सपाट होती.