आईचा हनिमून, दिवसाउजेडी

मखमलाबाद, नाशिक
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

...तर पाच रात्री आणि सहा दिवस. तू फोन कट केलास तेव्हा मी इथपर्यंत आले होते. त्यानंतर तू मला ब्लॉकच केलंस, म्हणून हे पत्र. तुझ्या रूमवर पोस्टमन येतो की नाही माहीत नाही, म्हणून कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. पत्र कट करता येत नाही. फार तर फाडता येईल, पण तू कागद फाडणाऱ्यातला नाहीस. तुझं दहावीचं हॉल तिकीट अजून कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

इकडे सगळे बरे आहेत. थंडी पडायला लागली तसा आजीचा गुडघा धरलाय. झेंडू दिवाळीला चांगला गेला. शेवंती आता भरात आहे. माझं शुद्धलेखन सांभाळून घे, आपण दोघं एकाच इंग्लिश मीडियममधले.

आता प्लॅन ऐक. मी ऑफिसात रोज चार जोडप्यांना हनिमून विकते, पण दादा, इतक्या मनापासून एकही प्लॅन बनवला नव्हता. १८ तारखेला मंगळवारी आई आणि मनोज काकांचं रजिस्टर लग्न. १९ ला दुपारी ओझरहून फ्लाइट, रात्री हैदराबादला मुक्काम, कारण पोर्ट ब्लेअरची फ्लाइट सकाळची बरी पडते. मग एक रात्र पोर्ट ब्लेअर, दोन रात्री हॅवलॉक, परत एक रात्र पोर्ट ब्लेअर. २४ ला घरी. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आधी परत यायचं ही आईची अट. त्या गुरुवारी फुलांना उठाव असतो, तेव्हा ती बाजारात नाही असं पप्पा गेले त्या वर्षीसुद्धा झालं नव्हतं.

हॅवलॉकला झोपडीसारखी कॉटेजेस आहेत. दार उघडलं की नारळाची झाडं आणि झाडांच्या मधून समुद्र. मी फोटो दाखवले तर आई म्हणाली, "एवढ्या झाडांना पाणी कोण घालतं?" मी म्हटलं, तिकडे पाऊसच इतका पडतो. तर म्हणे, "बरंय त्यांचं."

पॅकेजमध्ये बेडवर गुलाबाच्या पाकळ्यांचं डेकोरेशन येतं, बदाम काढून देतात. ते ऐकून आईचा चेहरा बघायला हवा होतास. "पाकळ्या उपटून? म्हणजे तो सगळा माल गेला. कुणाच्या मळ्यातला गुलाब आहे तो, त्याला कळलं तर काय वाटेल?" मनोज काका बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "पायल, पाकळ्या कॅन्सल कर. त्याच्याऐवजी चालू असलेला पंखा द्या म्हणावं."

हो, मनोज काका घरी येतात. दर रविवारी. मी तुला सांगितलं नव्हतं.

तू त्यांना 'तो एकलहऱ्याचा माणूस' म्हणतोस, म्हणून थोडं सांगते. पॉवर स्टेशनमध्ये सव्वीस वर्षं नोकरी झाली. बायको जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कॉलनीच्या गणपतीला आईकडून फुलं घेतली होती. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, झेंडू दोन किलो कमी भरला. आई म्हणाली, "तुम्ही पाणी झटकून मोजला, मी पाण्यासकट दिला. बाजारात असंच चालतं." ते म्हणाले, "म्हणजे मी पाण्याचे पैसे दिले." आई म्हणाली, "मग पाणी घेऊन या, परत देते." तिथून सुरू झालं. आई भांडण जिंकून घरी आली आणि स्वयंपाक करताना एकटीच हसत होती. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं.

अंदमानचं ऐकल्यापासून काकांचा एकच प्रश्न. बेटावर वीज येते कुठून? जनरेटर असतील तर डिझेल कसं नेतात? हनिमूनला जाऊन त्यांना तिथलं पॉवर हाऊस बघायचंय. आई म्हणाली, "जा की, मी समुद्रात पाय घालून बसते. संध्याकाळी या घ्यायला."

दादा, आईला अशी बोलताना तू शेवटची कधी ऐकलीस?

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते सांगते. दोन पानं मी नारळाच्या झाडांवरच घालवली, माझ्या लक्षात आलंय.

आजी हो म्हणाली. तू म्हणाला होतास ना, आजी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही? झालं. आणि ते मी केलं. कसं केलं याची मला लाज वाटते.

आजीचं म्हणणं होतं, बाईचं दुसरं लग्न तिला नवीन नाही. तिच्या माहेरी नांदगावकडे तिच्या मावशीचंच झालं होतं. पण त्याला लग्न म्हणायचं नाही, म्होतूर म्हणायचा. तो अंधाऱ्या पंधरवड्यात, रात्री, दिवे बारीक करून लावायचा. वाजंत्री नाही, मांडव नाही. आणि दिवस उगवायच्या आत दोघांनी गावाची शीव ओलांडायची. त्या सकाळी जो कुणी त्या बाईचं तोंड बघेल त्याचं वर्ष वाईट जातं. दोनतीन दिवस कुणाच्या नजरेला पडायचं नाही, मग गुपचूप नवऱ्याच्या घरी जायचं. आजी म्हणाली, "माझी मावशी तीन दिस ज्वारीच्या रानात बसून व्हती. भाकर पोचवायला मी जायची. खाली मान घालून ठेवायची आन माघारी पळायची."

मला त्या वेळी यातली ज्वारी दिसली नाही, मावशी दिसली नाही. मला सेल दिसला. रोज तेच करते ना. कस्टमरला काय हवंय ते ओळखायचं आणि आपलंच पॅकेज त्याच्या भाषेत सांगायचं.

मी म्हटलं, "आजी, मग मी त्यांना बेटावरच पाठवते. पहाटे निघतील. सहा दिवस कुण्णाला तोंड दिसणार नाही."

"बेट म्हंजी?"

"चारी बाजूंनी पाणी."

आजीने विचार केला. मग म्हणाली, "मंग बेस हाय. पाण्यापल्याड कोन बघतंय. पर अंधारात निघाया पायजे. तेवढा शब्द दे मला."

मी दिला. हातावर हात मारून.

एवढी खूश होते की ऑफिसात पेढे नेले. मग रात्री आईने मला हळूच विचारलं, "पायल, तिकडे आपल्याकडची माणसं येतात का गं फिरायला? कुणी ओळखीचं भेटणार नाही ना?" आणि बॅगेत भरायला तिने काय काढलं होतं माहितेय? तो पप्पांच्या वेळचा राखाडी स्कार्फ, जो ती फवारणी करताना तोंडाला बांधते.

मी तिला समुद्र दाखवायला निघाले होते, आणि माझ्याकडून तिच्यासाठी ज्वारीचं रान बुक झालं. फक्त लांबचं आणि एसीवालं.

फ्लाइट दुपारची आहे, दादा. मखमलाबादहून ओझर किती लांब? पहाटे चारला निघायचं म्हणजे एअरपोर्टच्या बाहेर कुठेतरी गाडी उभी करून काचा वर करून आठ-नऊ तास बसायचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. काकांना हे सांगितलं तर ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "उज्वला म्हणेल तसं. मी डबा आणि थर्मास घेतो." मला त्यांच्यापेक्षा माझाच राग आला.

म्हणून मी परवा आजीकडे गेले आणि दिलेला शब्द परत मागितला. म्हटलं, आजी, मी चुकले. आई सकाळी दहाला निघेल. पुढच्या दाराने, मारुतीच्या पारावरून, पारावर सगळे बसलेले असताना. आजी चिडली. "शब्द काय भाजी हाय का, माघारी द्यायला?" संध्याकाळी मी गुडघ्याला तेल लावत होते तेव्हा एकदम म्हणाली, "मावशीनं एकदा मला रानात इचारलं व्हतं, कुसे, माझ्याकडं बघत का नाय गं? मी बघितलंच नाय. लय भ्या वाटायचं." मग थोड्या वेळाने, "मला काय इचारती? तुझ्या आईला इचार. ती म्हनंल ते."

मी आईला विचारलं. ती शेवंतीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "रवी आला तर दहाला निघू. नाही आला तर पहाटेच बरं."

मी म्हटलं, "त्याचा काय संबंध? कायद्याने..."

"कायदा कोण विचारतंय. पोटचा पोरगा तोंड फिरवून बसलाय आणि मी सगळ्या गल्लीसमोर बॅग घेऊन निघू? एवढी धीट नाहीये मी, पायल. जाईन मी. लग्नही करीन. पण मग अंधारातच जाईन."

आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

तू फोनवर शेवटचं काय म्हणालास आठवतंय? "करायचं ते करा, पण गुपचूप करा." आजीचं आणि तुझं म्हणणं एकच निघालं. फरक इतकाच की तिचं शंभर वर्षांचं आहे, आणि तू सीएनसी मशीन चालवतोस.

आता दुसरं कन्फेशन. हे वाचून तू चिडशील, चीड. तू मला म्हणाला होतास की सिन्नरचं स्थळ या गोष्टीमुळे मोडेल. रूपालीच्या घरचे काय म्हणतील. मी रविवारी रूपालीला फोन केला. नंबर तुझ्या बायोडेटाच्या फाइलमधून घेतला. सगळं सांगितलं. मला वाटलं, ती फोन ठेवेल. मग म्हणाली, "हे मला रविराजने सांगायला हवं होतं." मी विचारलं, तुमच्या घरी चालेल का? ती म्हणाली, "घरचं मी बघते. मला एवढंच कळू दे की ते आईबरोबर आहेत का नाहीत. कारण उद्या माझ्यावर काही वेळ आली तर ते कुठे उभे राहतील ते मला आत्ताच कळलेलं बरं."

मी तिला म्हटलं, तेच सांगतील. तर आता तुला दोघींना सांगायचंय.

तुला राग का येतो ते मला थोडं कळतं. पप्पा गेले तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. इंजिनिअरिंगची अॅडमिशन सोडून डिप्लोमावर थांबलास, मळ्यात आलास, माझी फी भरलीस. पप्पांच्या जागी तू उभा राहिलास आणि आता त्या जागेवर दुसरं कुणी येतंय असं तुला वाटत असणार. पण काका त्या जागेवर येतच नाहीयेत. पप्पांचा फोटो उतरवू का, असं आईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या घरी माझ्या बायकोचा आहे. दोन्ही राहू देत. आपल्या वयाच्या लग्नात चौघंच असतात." मी हे सांगून तुला रडवायचा प्रयत्न करत नाहीये. मला पण त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन यावं लागलं, एवढंच.

आणि मी पण पहिल्यांदा नाहीच म्हणाले होते. हे तुला माहीत नाही. दीड वर्षापूर्वी आईने मला एकटीला विचारलं होतं. मी म्हटलं, ऑफिसात काय सांगू, माझ्या लग्नाच्या वेळी कसं दिसेल. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा विषय काढला नाही. दीड वर्ष. त्या दीड वर्षात मी दोनशे तरी जोडप्यांना समुद्रावर पाठवलं. मला हे फेडायचंय, आणि मी फेडणार.

म्हणून स्पष्ट लिहिते. १८ तारखेचं रजिस्ट्रेशन होणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. तिकिटं काढून झालीत. कॉटेज बुक आहे, समुद्राच्या बाजूचं. पाकळ्या कॅन्सल केल्या, पंखा नक्की चालू आहे हे मी तिथल्या मॅनेजरला दोनदा विचारून घेतलं. आई पहिल्यांदा विमानात बसेल, खिडकीची सीट आहे. यातलं काहीही तुझ्या हातात नाही आणि मी ते तुझ्या हातात देणारही नाही.

तुझ्या हातात एकच गोष्ट आहे. १९ च्या सकाळी तिची बॅग उचलून दारातून गाडीपर्यंत न्यायची. वीस पावलं असतील. पाराच्या समोरून. कुणाशी भांडायला नको, काकांच्या पाया पडायला नको, हसलं नाहीस तरी चालेल. फक्त ती उजेडात चालत असताना तू तिच्या शेजारी असायचं. मी चालले असते, मी चालेनच, पण तिची नजर तुला शोधणार आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

गाडी नाथा भाऊंची सांगितली आहे, त्यांनी वेळ विचारली तर मी म्हटलं, दादाला विचारून कळवते. पहाटे चार की सकाळी दहा, तूच सांग, तुला काय योग्य वाटतं?

वाट बघणारी, पण थांबून न राहणारी,
तुझी पायल