करंट आला होता

अण्णा, तुमच्या त्या व्हॅनबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. लढाईनंतर लिलावात घेतलेली ती व्हॅन श्रीवर्धनच्या आपल्या घरामागे, पोफळींच्या सावलीत उभी असायची. सुपारीची पोती, वऱ्हाडं, बाळंतिणी, सगळ्यांना तुम्ही तिच्यातून न्यायचात. मी तेव्हा वीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड घेऊन पालीला निघायचं होतं आणि व्हॅन सुरू होईना. तुम्ही पेट्रोलची नळी सोडवून बोटावर थेंब घेतलात, वास घेतलात. "पेट्रोल येतंय. आता करंट बघू, ठिणगी पडते का ते. करंट असला तर प्लग काजळलेत, पुसले की झालं. नसला तर कॉइल गेली, ती मुंबईहून आणायला हवी." मग मला इंजिन फिरवायचं पुढचं हँडल मारायला सांगितलंत. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, बाय. उलटं फिरलं तर मनगट मोडेल."

मी जीव मुठीत धरून हँडल फिरवलं. तुम्ही प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली होतीत. निळी ठिणगी टचकन उडाली, पुन्हा उडाली. तुमचं तोंड तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं. तुम्ही विचारलंत, "आली का?"

मला ती चार हातांवरून दिसत होती. आठवड्यापूर्वीच घाटात आपलं डावं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरलं होतं. मी तुमच्या शेजारी बसले होते, खाली झाडांचे शेंडे दिसत होते. "कड खचलीय," तुम्ही म्हणालात आणि मी ते खरं मानलं. आता तुम्ही डोळे उघडे ठेवून ठिणगीकडे बघताय आणि मला विचारताय. उद्या त्याच घाटातून पंधरा माणसं जायची, त्यांत नवरी.

"नाही आली," मी म्हणाले.

"नीट बघ. पुन्हा मार."

तीनदा मारलं, तीनदा ठिणगी आली, तीनदा मी नाही म्हणाले. तुम्ही वायर जागेवर बसवलीत, हात पुसलेत आणि आईला हाक मारलीत. "वऱ्हाडाला निरोप धाड. एस.टी.नं जा म्हणावं."

संध्याकाळी आईला तुमच्या डोळ्यांचं सांगितलं, ठिणगीचं नाही. ती तुम्हाला मुंबईला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांची नस सुकलीय, गेलेली नजर परत यायची नाही. मागवलेली कॉइल आली, ती खोक्यातच राहिली. व्हॅनमध्ये कोंबड्या बसू लागल्या.

त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही होतात. तुम्हाला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे, तेव्हा हेही सांगता आलं असतं. तुम्ही रागवाल याची भीती नव्हती. भीती ही होती, की तुम्ही शांतपणे म्हणाल, "मला दिसत नाही हे मला घाटातच ठाऊक होतं." अण्णा, तेव्हा मी तुमच्या शेजारी बसले होते. म्हणून कधी विचारलं नाही. अजूनही विचारवत नाही.