कलम गेलं, फोन राहिला

चिरंजीव माळीबुवांस,

आईचे आशीर्वाद, आणि कात्री उचलण्याआधी विचारायची बुद्धी. मी सांगतेय, तुझी भाची लिहून घेतेय. ती विचारते, "आजी, मामाला गाढव असंच लिहू?" म्हटलं, लिही, चांगलं ठळक लिही.

अरे, मागच्या हिवाळ्यात दोन दिवसांसाठी आलास आणि न विचारता माझा गुलाब छाटलास. तुझ्या बाबांनी रानगुलाबाच्या बुंध्यावर वासाच्या गुलाबाचा डोळा बसवून केलेलं कलम ते. एक फूल उमललं तरी जिन्यापर्यंत वास यायचा. तू वाळक्या दिसल्या म्हणून कलमाच्याच फांद्या कापल्यास आणि बुंध्यातून फुटलेले हिरवेगार धुमारे ठेवलेस. नर्सरीवाला बघून म्हणाला, "आजी, कलम गेलं. हा नुसता रानगुलाब उरलाय." आता झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय. काटे रग्गड, वासाच्या नावानं बोंब.

आणि तू दर रविवारी फोनवर विचारतोस, "आई, माझा गुलाब काय म्हणतो?" माझा म्हणे! मी आपली सांगते, छान आहे. काय करू? त्याआधी महिनोन्महिने तुझा आवाज कानी पडत नव्हता. खरं सांगितलं तर तू ओशाळशील, आणि फोन पुन्हा गप्प होईल.

तुझी भाची विचारते, पाकीट आणू का? म्हटलं, नको, राहू दे. रविवारी मीच सांगेन, झाड फार माजलंय, छाटायला ये. ये बाबा, हवं तसं काप. आता बिघडवण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

वाट बघणारी,
तुझी आई