पाण्याचं गाणं, बाजू दुसरी

१९ ऑगस्ट, लातूर
जिल्हा झाला. कमानी अजून उतरवल्या नाहीत, आंब्याची पानं वाळून कडकड वाजतात. ऑफिसात टेबलं कमी, साहेब जास्त. मी नांदेडहून बढतीवर आलेला अव्वल कारकून, मला खिडकी मिळाली, खुर्ची उद्या म्हणे. पाऊस नाही. त्याबद्दल आता कुणी बोलतही नाही.

२३ ऑगस्ट
खोली शोधतोय. दोन ठिकाणी आडनाव विचारलं. सांगितलं. लगेच ती खोली पुतण्याला द्यायची ठरली. जिल्हा नवा, माणसं तीच. तिसऱ्या घरी एकटी म्हातारी. तिनं एवढंच विचारलं, "पानी किती लागतंय तुमाला?"
"एक बादली."
"मग ऱ्हावा."
सगळे तिला काकू म्हणतात. मीही म्हणतो.

२९ ऑगस्ट, रवि.
मुदखेडला घरी जाऊन रेकॉर्डींची पेटी आणली. एस.टी.त प्लेअर मांडीवर. अहमदपूर येईस्तोवर पाय बधिर.
पेटी भरताना मंगल म्हणाली, "रेकॉर्डी चालल्या म्हणजे बिऱ्हाडच हललं की."
"बिऱ्हाड म्हणजे तू न् आपली चिंगी."
"मग आम्हाला पेटीत का नाही घातलं?"
हसून म्हणाली. पण झाकण जोरात लावलं.
तिची मुदखेडची शाळा नांदेड जिल्हा परिषदेची. लातूरला यायचं तर अर्ज करून यादीत पुन्हा शेवटी उभं राहायचं. इतक्या वर्षांची सेवाज्येष्ठता पाण्यात. पाण्यात तरी कसली, तेही नाही. कोरा अर्ज तिच्याकडे देऊन आलो. घेतला. बघते म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

५ सप्टेंबर
संध्याकाळी प्लेअर लावला. व्होल्टेज कमी, सगळी व्हायोलिनं दमेकऱ्यासारखी. काकू दारात.
"ह्यात गानारं कुनी न्हाई का?"
"नाही काकू. इंग्रजी गाणी आहेत, पण नुसती वाद्यं."
"मग शबूद कुटं गेले?"
काय सांगू. हैदराबादच्या जुन्या बाजारात रविवार-रविवार घालवून ह्या जमवल्या. मोठमोठे ऑर्केस्ट्रा, पन्नासेक माणसं एका दमात वाजवणारी. मूळ गाणी एकही ऐकलेली नाहीत. ऐकायचीही नाहीत. शब्द आले की कुणीतरी काहीतरी सांगायला लागतं, आणि ते मी दिवसभर ऑफिसात ऐकतोच.
कव्हरवरची नावं आम्ही कधी घेतली नाहीत, आमचीच ठेवली. एक मालगाडी. एक सासूबाई (ट्रम्पेट फार). आणि दुसऱ्या बाजूचं तिसरं, पाण्याचं. मुदखेडला पहाटे नळ यायचा तेव्हा मंगल त्याच चालीवर चिंगीला उठवायची: ऊठ राणी, आलं पाणी, भर घागर. एवढ्या थोर चालीला एवढेच शब्द. पण बसले असे, की आता व्हायोलिनं तेच म्हणतात.

१९ सप्टें.
गंजगोलाईच्या बाजारामागं भंगारवाल्याकडं पितळी भांड्यांखाली एक एल.पी. सापडली. तिच्यातही पाण्याचं! तीच चाल वाजवणारा माझ्याकडचा हा चौथा ऑर्केस्ट्रा. ह्यानं मॅन्डोलिन घातलंय, सुरुवात रेंगाळत, जसा नळ आधी नुसतीच हवा सोडतो. एका जागी ओरखडा. सुई अडकते ती नेमकी 'भर'वर. भर, भर, भर, हात लावेपर्यंत.
फार दिवसांनी एकटाच हसलो. सांगायला कुणी नव्हतं. हे असलं सापडल्यावर सांगायला माणूस लागतं, नाहीतर ते भंगारच.

२ ऑक्टोबर
सुटी. मुदखेडला गेलो. अर्ज फडताळात, तसाच.
मंगल म्हणाली, "तिथं पाणी नाही. इथं माझी नोकरी आहे. तुम्हीच परत या."
"बढती सोडू?"
"मी यादी सोडायची, तर तुम्ही का नाही?"
चुकीचं बोलत असती तर बरं झालं असतं.
पहाटे नळ आला. तिनं चिंगीचा नुसता खांदा हलवला. गाणं नाही. मी अंथरुणात वाट बघत पडलो होतो.

१० ऑक्टो.
पाणीपुरवठ्याचे उपअभियंता देशमाने माझ्या रेकॉर्डी बघायला आले. हौशी माणूस. भाऊ परदेशात. पाण्याचं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, ह्याचं मूळ आहे माझ्याकडे!" लगेच जाऊन टेप आणला. नको म्हणायला हवं होतं. साहेबाला नको कसं म्हणायचं?
एकच माणूस, एकच गिटार. आवाज थकलेला. मी आमचे शब्द लावून ऐकत होतो, जमेना. देशमान्यांनी अर्थ सांगितला. पहाटेची वेळ, हा घर सोडून निघालाय, ती झोपलीय, आणि हा तिला उठवत नाही. दार हळूच ओढून घेतो.
"काय करुण आहे ना?" देशमाने.
हो म्हणालो. चहा दिला. ह्यांच्या खात्याचा टँकर आज आला नव्हता, म्हणून अर्धाच कप.

२४ ऑक्टो.
पाण्याचं लावलं नाही. दोनदा काढलं, परत ठेवलं. इतकी वर्षं त्या माणसाच्या जाण्यावर आम्ही पोरीला उठवत होतो. बदलीच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो तेव्हा मीही मंगलला उठवलं नव्हतं. झोपू दे, म्हटलं. खरं म्हणजे तिचं तोंड बघून निघणं जमलं नसतं.

१३ नोव्हेंबर
दिवाळीची सुटी. मंगल न् चिंगी आल्या. येताना मंगलनं आपली बादली आणली. "तुमच्या एका बादलीत तिघं कसे न्हाणार?" चिंगीला ओरखड्याची रेकॉर्ड दाखवली. भर भर भर ऐकून लोळली. दिवसभर तेच लावा, तेच लावा. काकू उंबऱ्यात बसून मान डोलावते.

१७ नोव्हें.
मंगलला मूळ गाणं सांगितलं. भांडी घासत होती, राखेनं, कोरडीच. सगळं ऐकून घेतलं.
म्हणाली, "मग? तुम्ही बी गेलातच की. न उठवता."
"झोपली होतीस."
"जागी होते."
एवढंच. पुढं कढई घासायला घेतली. फार वाईट वाटलं, आणि तिला तसं सांगितलंसुद्धा. तिनं मान हलवली.

१८ नोव्हें.
पहाटे टँकरचा हॉर्न. मी उठायच्या आत मंगल गायला लागली होती: ऊठ राणी, आलं पाणी. चिंगी डोळे मिटूनच, भर भर भर. मी तसाच पडून राहिलो, पूर्ण होऊ दिलं.

२२ नोव्हें.
गेल्या दोघी. एस.टी. फलाटाला लागल्यावर मंगलनं पर्स उघडून तिकिटाचे सुटे काढले. आत तो अर्ज, घडी घातलेला. सही आहे की नाही दिसलं नाही. "बादली राहिली तुझी," म्हणालो.
"राहू द्या."
चिंगीनं खिडकीतून हात हलवला. मंगलनं नाही, तिच्या हातात सुटे होते.

२३ नोव्हें.
कूस बदलत होतो. बाहेर हॉर्न, मग दारावर थाप. काकू. म्हातारीचा आवाज चिरका, पण चाल पक्की:
"ऊट रानी, आलं पानी, भर भर भर."
ओरखड्यासकट शिकलीय. तिला वाटतं गाणं तसंच आहे.
उठलो. दोन्ही बादल्या घेतल्या. रांगेत काकू म्हणाली, "तुमी तर एक म्हनला होता. दुसरी कुनाला, बाबा?"
"असू द्या भरून," म्हणालो.