डावे हात

सोमवार, २ ऑक्टोबर १९३३

पहिला पेपर झाला. शाळाव्यवस्था. 'आदर्श वर्गखोलीस खिडक्या किती व कोणत्या दिशेस असाव्यात?' बावीस वर्षं मी ज्या खोलीत शिकवते तिला खिडकी एकच, आणि ती उघडली की सुकत घातलेल्या मासळीचा वास थेट फळ्यापर्यंत येतो. लिहिलं — चार, पूर्व व उत्तर. पुस्तकात तसं आहे.

बाक चौथीतल्या मुलाच्या मापाचा. गुडघे आत जाईनात. शेहेचाळिसाव्या वर्षी तीन तास तिरकी बसून लिहिलं. शेजारच्या बाकावर लीला सरळ बसून लिहीत होती. लीला माझी विद्यार्थिनी, आता माझ्याच शाळेत शिक्षिका. दोघींची परीक्षा एकच!

मंगळवार, ३ ऑक्टोबर

दोन पेपर. बोटं निळी, पाठ धरलेली. घरी आले तर शेजारी दिवाळीच्या पोह्यांचं कांडप. वहिनी कुंपणापाशी जाऊन सांगून आली, "जरा हळू, आमच्या वन्संचा अभ्यास आहे." त्या बायका इतक्या हसल्या की मुसळं थांबली. उपयोग झाला म्हणायचा.

आप्पा जेवताना म्हणाला, "उमे, पुण्याला कॉलेजात होतीस तेव्हा कधी असं तोंड केलं नाहीस." थोरला भाऊ, त्याला उलट काय बोलणार? कॉलेजात शिकले ते हौसेने. इंटर झाले, लग्न झालं, तीन वर्षांत परत इथे आले, शाळा धरली. शाळेत मला कुणी ढकललं नाही. या परीक्षेत ढकललं आहे.

खात्याचं पत्र पेटीत आहे, पण पाठ झालं आहे. मुख्याध्यापिकेकडे अध्यापनाचा दाखला हवाच. ही शेवटची संधी. न मिळाल्यास जानेवारीपासून जागा दाखला असलेल्या शिक्षिकेस. म्हणजे लीलालाच, ती पास झाली तर. आणि ती होणार.

दोनदा नापास झाले ते लेखीत नव्हे. परीक्षकासमोर वर्ग घेऊन दाखवायचा असतो, त्या पाठात. शेरा दोन्ही वर्षी एकच — 'वर्ग निर्जीव. मुली हात वर करीत नाहीत.'

करणारच नाहीत. माझ्या वर्गात हात वर करायचा नाही, हा माझा नियम. हात वर करणाऱ्या नेहमी त्याच चार असतात. मी जी मान खाली घालून बसते तिला उठवते. त्यामुळे सगळ्या पाठ करून येतात, भीतीने का होईना. 'येत नाही' असं बावीस वर्षांत माझ्या वर्गात एकीनेही म्हटलेलं नाही. याला निर्जीव म्हणतात!

बुधवार, ४ ऑक्टोबर

पाठ आज होता. झाला नाही. परीक्षक मुंबईहून यायचे; समुद्र खवळलेला, बोट जयगडलाच थांबली आहे. उद्या, म्हणतात.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

आजही बोट नाही. परीक्षक कधीही येतील म्हणून आम्हा दोघींना हायस्कुलाच्या मागच्या खोलीत बसवून ठेवलं, नऊ ते चार. बाहेर जायचं नाही. नकाशे ठेवायची खोली. भिंतीवर ग्रीनलंड, कोपऱ्यात मोडका पृथ्वीगोल. पाठाची टिपणं इतकी वाचली की अक्षरं सुटी सुटी दिसायला लागली.

दुपारी लीला म्हणाली, "बाई, रागावणार नसाल तर एक सांगते."

"आणि रागावणार असेन तर?"

"तरी सांगते."

पाठासाठी मुली आमच्याच शाळेतल्या, पाचवीच्या, बत्तीस. त्यांना तिने शिकवून ठेवलं आहे. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तिने उजवा, येत नसेल तिने डावा. परीक्षकाला हातांचं रान दिसतं, बाई उजव्या हाताला उठवते, उत्तर बरोबर येतं.

"ही लबाडी आहे," मी म्हटलं.

"आहेच. पण सगळीकडे करतात."

"माझ्या शाळेतल्या मुलींना तू लबाडी शिकवलीस?"

तिने पृथ्वीगोल फिरवला. मग म्हणाली, "बाई, मीही चार वर्षं तुमच्या वर्गात मान खाली घालून बसले आहे." मी पुन्हा टिपणं उघडली.

माझा पाठ मी माझ्या पद्धतीने घेणार. नापास तर नापास.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

परीक्षक उतरले. बोटीतून छोट्या पडावात, तिथून खलाशाने खांद्यावर घालून आणले म्हणे. दोन दिवस पोटात लिंबूपाण्याखेरीज काही नाही. अशा माणसापुढे नशीब ठेवायचं.

आज लीलाचा पाठ. मी व्हरांड्यात होते. आत मुलींच्या बांगड्या वाजत होत्या, प्रत्येक प्रश्नाला. माझ्या वर्गात बांगड्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

शनिवार, ७ ऑक्टोबर

पाठ झाला. लिहून टाकते, नाहीतर उद्या मीच स्वतःला निराळं सांगेन.

विषय अपूर्णांकांची बेरीज. रीत मुलींना तोंडपाठ आहे, मीच करून घेतली आहे. पण खात्याला 'का' असा प्रश्न लागतो. म्हणून विचारलं — बेरजेआधी छेद समान का करायचे?

एरवीसारखी शांतता होईल असं धरून चालले होते. बत्तीसच्या बत्तीस हात वर.

सवयीने नजर मैनेवर गेली. शेवटच्या बाकावरची, कधी वर न बघणारी. एरवी तिलाच उठवलं असतं. तिची मान खालीच होती आणि डावा हात वर होता.

मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी मैनेवरून नजर काढली आणि उजव्या हाताला उठवलं. उत्तर बरोबर. पुन्हा प्रश्न, पुन्हा उजवा हात. सहा वेळा. परीक्षक लिहीत होते. एकदा तर मान डोलावली.

बाहेर आल्यावर मैनेला बाजूला घेतलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"लीलाबाईंनी. बोलल्या, बाईंच्या पाठाला पण तसाच करा, पण त्यांना सांगू नका." मग घाबरून, "चुकला काय, बाई?"

नाही म्हटलं.

रविवार, ८ ऑक्टोबर

आप्पाने विचारलं, पाठ कसा झाला. चांगला, म्हटलं.

शनिवार, ४ नोव्हेंबर

निकाल आला. दोघी पास. माझी जागा कायम. पाठाचा शेरा — 'वर्ग सजीव. मुलींचा प्रतिसाद उत्तम.'

आप्पाने देवापुढे साखर ठेवली. मी लीलाच्या घरी गेले. ती अंगणात तुळशीवृंदावन सारवत होती. हात धुवायला उठली, मी बस म्हटलं.

"मी नापास झाले असते तर जागा तुझी होती."

"ठाऊक आहे की, बाई."

"मग?"

"मग तुमच्या त्या खोलीत खुर्चीवर मला बसावं लागलं असतं." शेणाचा हात तसाच धरून हसली. "मला अजून तिथं घाम फुटतो."

आभार मानायला गेले होते. राहून गेलं.

सोमवार, ६ नोव्हेंबर

सुटी संपली. पाचवीवर गेले ते ही खोड आजच मोडायची असं ठरवून. दार लावलं. परीक्षक नाही, कुणी नाही. विचारलं — छेद समान का करायचे?

बत्तीस हात वर. ओरडायला तोंड उघडलं आणि आधी मोजले. उजवे अकरा. डावे एकवीस.

मैनेचा डावा हात इतका उंच होता की ती बाकावरून अर्धी उठली होती. सरळ माझ्याकडे बघत होती.

"खाली घेव काय, बाई?"

म्हटलं, राहू दे.