घर आणि शोरूम यांच्यामधलं खळं

मी, इंदुबाई जानू भोईर, वय वर्षे ७६, राहणार राई, भाईंदर पश्चिम, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा परेश सध्या गावभर सांगतोय की आईला भ्रम झालाय. भ्रम नाही, राग आहे.

१. राहतं घर, दोन्ही मजले, परेशला. त्याने मला न विचारता शोरूमवाल्या नीरजशेठला खळ्याबद्दल 'हरकत नाही' असं लिहून दिलं, तरी घर त्यालाच. पोटचा आहे, रस्त्यावर काढणार नाही. खळ्यातली मात्र तसूभर जागा त्याला नाही.

२. खळं म्हणजे आमची ओटी आणि शेठचं टाइल्सचं शोरूम यांच्यामधली मोकळी जमीन. पूर्वी तिथे भात झोडायचो. शेती गेली, खळं राहिलं. सासूबाईंनी ते माझ्या एकटीच्या नावे केलं. शेठला तिथे गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायच्यात, म्हणून जागा रहिवास विभागातून वाणिज्य विभागात घ्या, असा त्याचा अर्ज आहे. माझी हरकत आहे, आणि मी मेल्यावरही ती राहील.

३. खळं मुलगी हिना आणि सून भाविका या दोघींना, सामायिक, वाटणी न करता. दोघींची सही असल्याशिवाय विक्री, भाडं, विभागबदल काही करू नये. वकील कौस्तुभ म्हणाला, "काकी, त्या दोघींचं कालवणातल्या मिठावरूनही जमत नाही." अरे बाबा, म्हणूनच तर!

४. उखळ आणि मुसळ खळ्यातच राहतील. आळीतल्या प्रत्येक लग्नाची हळद तिथेच कुटतात. शेठच्या अर्जावरच्या सुनावणीला पालिकेच्या साहेबांनी मला विचारलं, "आजी, जागेचा वापर काय?"

"आमच्या पोरांना तिथं हलद लागते."

साहेब हसले. "हळदी आता हॉलमध्येपण होतात."

"होतात. पन हॉलवाला तिरडी बांधू देतो काय? न्हाय ना? मग ती जागा घराचीच हाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. निकाल अजून यायचाय.

५. माझी पुतळ्यांची माळ हिनाला, पाटल्या भाविकाला. बदलून हव्या असतील तर आपसात भांडून घ्यावं. बँकेत जे असेल ते नात चांदणीच्या शिक्षणाला. शेठने माझ्या तेराव्याला मांडव देऊ केला तर घेऊ नये.

६. माझी तिरडी खळ्यातच बांधावी, उखळाशेजारी. त्या दिवशी शोरूम बंद ठेवा म्हणून शेठला कोणी विनंती करायला जाऊ नये. उघडंच राहू दे, काचेतून त्यांना नीट दिसू दे. "गिऱ्हाईक आलंय, जरा बाजूला घ्या," असं कोणी म्हणालं तर हिना आणि भाविका बघून घेतील. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होईल, मला खात्री आहे.

मडकं परेशनेच धरावं. निघण्याआधी त्याने खळ्यात घटकाभर उभं राहावं आणि आपण कशाला 'हरकत नाही' म्हणालो होतो ते बघावं. मग माझा राग संपला असं समजावं.

हे मला वाचून दाखवलं, पटलं, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: इंदुबाई जानू भोईर

साक्षीदार:
१. दशरथ नाथा म्हात्रे, राई
२. पुष्पलता अमृत घरत, राई

स्थळ: राई, खळ्यात बाज टाकून
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५