तांबडा फ्रॉक

आत्या,

तुम्ही दळण घेऊन येईस्तोवर थांबता येत न्हाय. ह्यांच्यासंग दवाखान्यात चाललोय. मघाशी आमटीत चटणी टाकताना ती तांबडी दिसलीच न्हाय, राखेगत दिसली. थायरॉईडच्या सुजेनं डोळ्यामागची नस दबली की रंग उडत्यात, तसं झालं तर त्याच दिवशी या, असं डॉक्टर म्हणलेत. सलाईनमधनं स्टेरॉईड देतील, न्हायतर ऑपरेशन.

तंबाखूचा धूरबी बंद सांगितलाय. तुम्ही रोज मिसरी भाजता, म्हणून माझं तोंड उघडलं न्हाय. आता घरात भाजू नका की.

आमटीत मीठ घालायचं राहिलंय.

उन्नती शाळेतनं आली की तिला दवाखान्यात घेऊन या. तांबडा फ्रॉक घाला. का ते तिला सांगू नका.

रूपाली